जुने ऑपरेटर टॅब हातातच घेत नाहीत, काय करू?

प्रश्न : नमस्कार सर, मी शिरोली एमआयडीसीत एका मशीन शॉपला सुपरवायझर आहे. कंपनीनं प्रत्येक मशीनला टॅब दिलाय, जॉब किती झाले, रिजेक्शन किती, मशीन का थांबलं सगळं त्यात भरायचं. नवीन पोरं भरतात पण जुने मामा लोक अजून वहीतच लिहितात. ट्रेनिंग झालं, नोटीस लावली, आता साहेब म्हणतात मेमो द्या. ह्या वयात माणसं बदलतच नाहीत का?

उत्तर : आधी तो मेमो थांबवा. तुमच्या पत्रात मामांना टॅबचं नक्की काय खटकतंय हे कुठंच नाही, म्हणजे त्यांना कुणी विचारलेलंच दिसत नाही.

अमेरिकेत व्हर्जिनियातल्या मॅरियनला हारवूड नावाचा पायजमे शिवायचा कारखाना होता, कामगार बहुतेक बायका आणि पगार पीस रेटवर, म्हणजे जितके नग तितके पैसे. काम बदललं की उत्पादन पडायचं, लोक सोडून जायचे. लेस्टर कॉख आणि जॉन फ्रेंच या दोन अभ्यासकांनी तिथं प्रयोग केला, 1948 ला तो छापून आला. एका गटाला बदल नुसता सांगितला, त्यांचं उत्पादन पडलं ते वर आलंच नाही आणि पहिल्या 40 दिवसांत 17 टक्के लोक सोडून गेले. दुसरीकडं नवीन पद्धत ठरवतानाच सगळ्यांना बसवून घेतलं, ते गट लवकर सावरले आणि आधीपेक्षा साधारण 14 टक्के जास्त काम करायला लागले. पण मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते पुढचं, पहिल्या गटातल्या उरलेल्या बायकांना अडीच महिन्यांनी परत नवीन काम दिलं, ह्यावेळी विचारून, आणि त्याच बायकांनी ते पटकन उचललं. माणसं तीच होती हो!

आता मामांच्या जागी उभं राहून बघा. आवाजावरनं टूल गेलं हे ओळखणारा माणूस, त्यानं कालच्या अप्रेंटिससमोर टॅबवर चाचपडत बसायचं, आणि 'मशीन का थांबलं' हे भरलं की उद्या ते आपल्याच अंगावर येणार का, इन्सेंटिव्ह कापणार का, हे कुणी सांगितलेलं नाही.

ऑफिसात मिटिंग लावू नका, चहाच्या सुट्टीत त्यांच्यात जाऊन बसा. कुठले रकाने बिनकामाचे आहेत, कधी भरायचे हे त्यांनाच ठरवू दे, थोडे दिवस वही पण चालू ठेवा. आणि साहेबांकडनं लेखी घ्या की ह्या आकड्यांवरनं कुणाचा पैसा कापणार नाही. साहेब ते द्यायला तयार नसतील तर मामांची शंका बरोबर आहे, मग ट्रेनिंग कितीही द्या, उपयोग नाही.