नंबरप्लेट वाचणाऱ्या पोलिसी कॅमेऱ्यांवर बंधनं हवीत का?

नाशिकमध्ये असे कॅमेरे वाढतायत, ते आपल्या गाडीची नोंद किती दिवस ठेवतात, आणि प्रामाणिक माणसाने त्याची भीती का बाळगावी, असं तुम्ही विचारलंय. शेवटचा भाग वाचून राहवलं नाही.

आमची पिकअप आहे. दिंडोरीकडचा टोमॅटो पिंपळगावच्या मार्केटला न्यायचा, हंगामात द्राक्षं. ती एका रात्री अंबडमधून, घरासमोरून चोरीला गेली. गुन्हा नोंदवला. पुढे ती सापडली ती कॅमेऱ्यामुळेच. परजिल्ह्यात नंबर वाचला गेला, चोरीच्या यादीशी जुळला आणि पुढच्या नाक्यावर गाडी अडवली. कोर्टाचा आदेश घेऊन सुपुर्दनाम्यावर, म्हणजे गाडी सांभाळून ठेवू आणि मागाल तेव्हा हजर करू अशा हमीवर, आम्ही ती सोडवून आणली. कॅमेरे काढून टाका म्हणणाऱ्यांतला मी नाही, हे यावरून समजेल.

पण गाडी घरी आली तरी नंबर यादीतच राहिला. काही महिन्यांनी टोमॅटोचे कॅरेट भरून गाडी निघाली होती, ड्रायव्हरशेजारी माझे वडील, अण्णा, बसले होते. एका नाकाबंदीवर गाडी बाजूला घ्यायला लावली. "गाडी चोरीची आहे, उतरा." अण्णा सांगत होते की गाडी आमचीच आहे, आरसी बघा. आरसी बघितली, तरी ठाण्यात नेलं. कोर्टाच्या आदेशाची प्रत घरी होती, ती घेऊन मी मोटारसायकलवर पोहोचलो. तिथले साहेब म्हणाले, "सिस्टीममध्ये चोरीची दाखवतेय, आम्ही काय करणार?" सत्तरी ओलांडलेला माणूस, आयुष्यात ठाण्याची पायरी चढला नव्हता, तो दुपारभर बाकावर बसून होता. येणारा-जाणारा त्याच्याकडे चोर म्हणून बघत होता. बाहेर उन्हात माल तापत होता. लिलाव हुकला आणि दुसऱ्या दिवशी पडेल त्या भावात माल द्यावा लागला.

नंतर विचारत सुटलो की यादीतून नंबर काढायचा कोणी? गुन्हा नोंदवला एका ठाण्याने, गाडी पकडली दुसऱ्याने, सोडली कोर्टाने. प्रत्येकाने पुढच्याकडे बोट दाखवलं. नंबर यादीत चढवणं हे कोणाचं तरी काम असतं, उतरवणं मात्र कोणाचंच नाही.

आता तुमच्या प्रश्नाकडे. मोटार वाहन कायद्यात 2019 च्या दुरुस्तीने कलम 136अ आलं आणि 2021 मध्ये केंद्राने त्याखाली नियम 167अ केला. कॅमेऱ्याआधी रस्त्यावर सूचनाफलक हवा, नियम मोडल्याची नोटीस 15 दिवसांत पाठवायची, चालानाचा निकाल लागेपर्यंत नोंद ठेवायची, हे त्यात आहे. पण ज्याने काहीच मोडलं नाही, नुसता नाशिकच्या द्वारका चौकातून गेला, त्याची नोंद कधी पुसायची हे त्यात नाही. डेटा संरक्षणाचा 2023 चा कायदा आहे, पण गुन्ह्यांचा प्रतिबंध आणि तपास म्हटलं की त्यात मोठी सूट आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी 2017 मध्ये खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. सरकारला त्यात हात घालायचा तर कायदा हवा, उद्देश योग्य हवा आणि उपाय प्रमाणात हवा, असं बजावलं. सगळ्यांच्या येण्याजाण्याची वही बेमुदत जपून ठेवणं कुठल्या प्रमाणात बसतं?

बाहेरच्या देशांनी यावर उत्तरं शोधलीत. जर्मनीच्या घटना न्यायालयाने 2008 मध्ये दोन राज्यांचे असे कायदे रद्द केले. जो नंबर यादीशी जुळत नाही तो तिथल्या तिथे पुसलाच पाहिजे, ही त्यांची अट. अमेरिकेतल्या न्यू हॅम्पशायर राज्यात न जुळलेल्या नंबरला तीन मिनिटांची मुदत आहे. ब्रिटनमध्ये मात्र वर्षभर ठेवतात. मला जर्मनीचं पटतं.

माझा मेहुणा पोलिसात आहे. "दाजी, एका दिवसाच्या त्रासावरून तुम्ही सगळी यंत्रणाच मोडीत काढता," हे त्याचं ठरलेलं. लपवायला काही नसेल तर बिघडतं काय, हेही वर. अरे, अण्णांनी काय लपवलं होतं? एखाद्या हवालदाराची चूक त्या नाक्यापुरती राहते. यादीतली चूक राज्यभर प्रत्येक नाक्यावर गाडीच्या पुढे जाऊन उभी राहते. आणि कोणाची गाडी रात्री कोणाच्या दारात होती, कुठल्या मोर्चाला गेली होती, हे कोणी कशासाठी शोधलं याची नोंद नावानिशी राहिलीच पाहिजे. पोलीसही माणसंच आहेत, मेहुण्याला हे माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे.

मी वकील नाही, कायद्याचं चांगल्या वकिलाकडून तपासून घ्या. 2027 च्या सिंहस्थात लाखो गाड्या येतील, तेव्हा कॅमेरे लागणारच, त्यालाही माझा विरोध नाही.

तुमची गाडी चोरीला जाऊन परत मिळाली असेल, तर कोर्टाच्या आदेशाची प्रत गाडीतच ठेवा. गुन्हा नोंदवलेल्या आणि गाडी पकडलेल्या, दोन्ही ठाण्यांत नंबर यादीतून काढण्यासाठी लेखी अर्ज द्या. तोंडी सांगून भागत नाही. शिक्का आणि तारखेसह पोहोच घ्या. हालचाल झाली नाही तर माहिती अधिकारात विचारा की अर्जावर कोणी, कधी, काय केलं. 30 दिवसांत उत्तर द्यावं लागतं. आमचा नंबर यादीतून निघाला तो असा अर्ज पडल्यावरच, मेहुण्याच्या ओळखीने नाही.