9 वर्षांच्या मुलाची उंची 118 सेंमी, रक्तात ग्रोथ हार्मोन 0.3. इंजेक्शन सुरू करावं का?

तुम्ही दिलेली माहिती अशी: मुलगा 9 वर्षांचा, उंची 118 सेंमी, वजन 22 किलो. आई 152 सेंमी, वडील 163. शाळेच्या नोंदीत वर्षापूर्वी उंची 116 होती. लॅबमध्ये ग्रोथ हार्मोन तपासला तर 0.3 आला आणि आता रोजचं इंजेक्शन सुरू करायला सांगितलंय.

या रिपोर्टवर इंजेक्शन सुरू करू नका. ग्रोथ हार्मोन रक्तात सतत एकसारखा नसतो. तो लाटांसारखा येतो आणि मोठ्या लाटा रात्री गाढ झोपेत येतात. दोन लाटांच्या मधे निरोगी मुलाच्या रक्तातही तो जवळपास शून्यावर असतो. सकाळी 10 वाजता रक्त काढलं तर वर्गातल्या सगळ्यात उंच मुलाचाही 0.3 येऊ शकतो. लॅबने शेजारी 'लो' छापलं तरी त्यावरून काहीच ठरत नाही.

मला खरी काळजी वाटली ती दुसऱ्या आकड्याची, वर्षात वाढलेल्या 2 सेंमीची. मूल पहिल्या वर्षी साधारण 25 सेंमी वाढतं, दुसऱ्या वर्षी 12 आणि मग चौथ्या वर्षापासून वयात येईपर्यंत वर्षाला 5 ते 6. या वयात वाढ वर्षाला 4 सेंमीच्या खाली गेली तर कारण शोधायलाच हवं, मग मूल बुटकं दिसो वा न दिसो. उलट बुटकं असूनही दरवर्षी 5 सेंमी वाढणारं मूल बहुतेक वेळा निरोगी असतं. एका दिवसाच्या उंचीपेक्षा वाढीचा वेग जास्त सांगतो.

पण हे 2 सेंमी खरे आहेत का? शाळेत एकदा बूट घालून मोजलं असेल, एकदा अनवाणी. माणूस सकाळपेक्षा संध्याकाळी सुमारे 1 सेंमी कमी भरतो, कारण मणक्यांमधल्या चकत्या दिवसभरात दबतात. दोन्ही मापांत थोडी थोडी चूक झाली तरी 5 चे 2 होतात. म्हणून आधी नीट मोजा.

खाली फरशीची पट्टी नसलेली सरळ भिंत घ्या. पायाखाली कडक फरशी हवी, चटई नको. स्टीलची टेप भिंतीला उभी चिकटवा, शून्य जमिनीला टेकलेलं. शिंप्याची कापडी टेप वापरू नका, ती ताणली जाते. मूल अनवाणी, टाचा जोडून आणि जमिनीवर टेकवून उभं करा. टाचा, ढुंगण आणि पाठीचा वरचा भाग भिंतीला लागला पाहिजे. डोकं वर उचलायचं नाही की खाली झुकवायचं नाही. डोळ्याच्या खोबणीची खालची कड आणि कानाच्या भोकाची वरची कड एका आडव्या रेषेत हवी. सगळ्यात जास्त चूक इथेच होते, कारण मुलं 'ताठ उभा राहा' म्हटलं की हनुवटी वर करतात. डोक्यावर सुताराचा गुण्या ठेवा, एक बाजू भिंतीला घट्ट, आणि केस दाबून आकडा वाचा. मुलाला बाजूला करून पुन्हा उभं करा, असं तीन वेळा. तिन्ही आकड्यांत अर्ध्या सेंमीपेक्षा जास्त फरक पडला तर पुन्हा मोजा. सरासरी, तारीख आणि वेळ वहीत लिहा. पुढचं माप 6 महिन्यांनी, त्याच वेळेला, त्याच भिंतीवर. दर महिन्याला मोजलंत तर फक्त मोजण्यातली चूक दिसेल, वाढ दिसणार नाही.

आता घराण्याचा हिशेब. मुलासाठी आईवडिलांच्या उंचीची बेरीज, अधिक 13, भागिले 2. (163 + 152 + 13) ÷ 2 = 164 सेंमी, आणि त्याच्या अलीकडे-पलीकडे 8 सेंमी. मुलगी असेल तर 13 वजा करायचे. म्हणजे तुमचा मुलगा फार उंच होईल अशी अपेक्षा मुळातच नाही. त्याची आजची उंची इंडियन अकॅडमी ऑफ पीडियाट्रिक्सच्या 2015 च्या तक्त्यावर सगळ्यात खालच्या, म्हणजे 3 क्रमांकाच्या रेषेच्या (शंभरातली साधारण 3 मुलं हिच्या खाली असतात) आसपास येते. हे तक्ते भारतातल्याच 5 ते 18 वर्षांच्या मुलांच्या मोजमापांवरून बनले आणि त्यात पुण्याचे डॉ. वामन खाडिलकर यांचा मोठा वाटा आहे. अमेरिकेचे तक्ते लावणारी ॲप वापरू नका. त्यात आपली पुष्कळ निरोगी मुलं उगाच खालच्या रेषेखाली जातात.

वजनाकडेही बघा. पोटाचा, किडनीचा किंवा खाण्याचा प्रश्न असेल तर आधी वजन घसरतं आणि मग उंची थांबते. हार्मोनच्या आजारात उलट: उंची थांबते, पण वजन टिकतं, गालही गुबगुबीत राहतात.

डॉक्टरांकडे, शक्य असेल तर लहान मुलांच्या एंडोक्रायनॉलॉजिस्टकडे (हार्मोनच्या तज्ज्ञाकडे), जाल तेव्हा तपासण्यांचा क्रम साधारण असा असतो. आधी हिमोग्राम आणि ईएसआर, क्रिएटिनिन, कॅल्शियम, फॉस्फरस, अल्कलाइन फॉस्फटेज, रक्तातलं बायकार्बोनेट आणि लघवी. बायकार्बोनेट बऱ्याचदा राहून जातं आणि किडनीतल्या आम्लाचा एक अगदी बरा होणारा दोष वर्षानुवर्षं लपून राहतो. त्यासोबत थायरॉइडसाठी टीएसएच आणि फ्री टी4. सीलिॲकसाठी (गव्हामुळे आतड्याला इजा होण्याचा आजार) टीटीजी-आयजीए, पण एकूण आयजीएसह. आयजीएच कमी असेल तर टीटीजी खोटा 'नॉर्मल' येतो. आणि ही तपासणी होईपर्यंत गहू बंद करू नका, नाहीतर तिला अर्थ उरत नाही. दम्याचा स्टिरॉइड इन्हेलर किंवा कुठली नाव नसलेली पुडी चालू असेल तर तेही सांगा, कारण अशा पुड्यांत स्टिरॉइड असू शकतं आणि स्टिरॉइड उंची थांबवतं. हे वाचणाऱ्या मुलींच्या पालकांसाठी: उंची कारणाशिवाय कमी असेल तर कॅरिओटाइप (गुणसूत्रांची तपासणी) करून घ्याच. टर्नर सिंड्रोममध्ये (मुलींमधला गुणसूत्रांचा दोष) कधीकधी कमी उंचीशिवाय वरवर दुसरं काहीच दिसत नाही.

डाव्या हाताचा आणि मनगटाचा एक्स-रे काढून हाडांचं वय, म्हणजे हाडं किती पक्व झाली ते, ठरवतात. त्यासाठी बहुतेक ठिकाणी ग्रॉयलिक आणि पाइल यांची तुलनेसाठीची एक्स-रे चित्रं वापरतात, आणि ती गेल्या शतकातल्या अमेरिकेतल्या क्लीव्हलँडच्या मुलांची आहेत. दोन डॉक्टरांच्या वाचनात सहा महिने-वर्षाचा फरक सहज पडतो. हाडांचं वय 7 आलं म्हणून घाबरू नका. उशिरा वयात येणाऱ्या निरोगी मुलांचंही तसंच येतं, आणि ती पुढे उंची भरून काढतात.

एवढं होऊन वेग खरंच कमी निघाला आणि आयजीएफ-1 (ग्रोथ हार्मोनमुळे शरीरात तयार होणारा घटक) ही खाली असेल, तरच ग्रोथ हार्मोनची स्टिम्युलेशन चाचणी, म्हणजे औषध देऊन हार्मोन किती उसळतो ते बघणं. मूल उपाशीपोटी नेतात, क्लोनिडिनची गोळी देतात (150 मायक्रोग्रॅम प्रति चौरस मीटर, तुमच्या मुलाला साधारण सव्वाशे) आणि 0, 30, 60, 90, 120 मिनिटांनी रक्त घेतात. मूल झोपाळतं, रक्तदाब उतरतो, म्हणून ही चाचणी रुग्णालयातच हवी आणि नंतर खाऊपिऊ घालून, रक्तदाब बघूनच घरी सोडायला हवं. हीच चाचणी ग्लुकॅगॉन या दुसऱ्या औषधाने करतात तेव्हा शेवटी साखर उतरण्याची भीती असते.

एका चाचणीत नापास होणं पुरेसं नाही. निरोगी मुलंही एका चाचणीत कमी येतात, म्हणून दोन वेगळ्या औषधांच्या चाचण्या लागतात. थायरॉइड कमी असेल तर तो आधी सुधारायला हवा, नाहीतर उत्तर खोटं येतं. लठ्ठ मुलात हार्मोन मुळातच कमी उसळतो. शिवाय 'नापास' कशाला म्हणायचं हा आकडाही बदलत आला आहे. 1958 मध्ये मॉरिस रॅबेन यांनी मृत माणसांच्या पिट्यूटरी ग्रंथीतून (मेंदूच्या तळाशी असलेली, हा हार्मोन बनवणारी ग्रंथी) काढलेला हार्मोन एका मुलाला देऊन उंची वाढवून दाखवली. पुरवठा तुटपुंजा, त्यामुळे फक्त अगदी कमी हार्मोन असलेल्यांनाच तो मिळे. 1985 मध्ये त्या हार्मोनमधून मेंदूचा जीवघेणा आजार पसरल्याचं कळलं, वापर थांबला आणि त्याच वर्षी जनुकीय तंत्राने बनवलेला हार्मोन आला. पुरवठा वाढला तशी रेषाही वर सरकली, मिलीलीटरमागे 5 वरून 7 आणि 10 नॅनोग्रॅमपर्यंत. म्हणून 8 किंवा 9 आलेल्या मुलाबाबत डॉक्टर वेग, आयजीएफ-1 आणि पिट्यूटरीचा एमआरआय एकत्र बघूनच निर्णय घेतात, आणि तसाच घ्यावा.

कमतरता पक्की ठरली, तर मात्र वेळ घालवू नका. रोज रात्री कातडीखाली, किलोमागे 25 ते 35 मायक्रोग्रॅम. 22 किलोला 0.55 ते 0.77 मिलिग्रॅम. 1 मिलिग्रॅम म्हणजे 3 युनिट, आणि मिलिग्रॅम-युनिटचा गोंधळ ही नेहमीची चूक आहे, तेव्हा पेनवर काय छापलंय ते दर वेळी बघा. औषध फ्रिजच्या मधल्या कप्प्यात, 2 ते 8 अंशांत. एकदा गोठलं की फेकून द्यायचं. मांडी, पोट, दंड यांच्या जागा बदलत राहा. खरी कमतरता असेल तर पहिल्या वर्षी 8 ते 10 सेंमी वाढ दिसते. तेवढी दिसली नाही तर आधी किती रात्री सुई चुकली ते मोजा, मग थायरॉइड, मग डोस, आणि शेवटी निदानच चुकलं का ते. कमतरता नसलेल्या बुटक्या मुलाला हेच इंजेक्शन काही वर्षं रोज दिलं तर सरासरी 4 ते 6 सेंमी मिळतात. माझं स्पष्ट मत, तुमच्यासारख्या घरात तेवढ्यासाठी इतका खर्च आणि रोजची सुई नको.

औषध सुरू असताना डोकेदुखीसोबत धूसर दिसू लागलं, किंवा मूल लंगडू लागलं, कंबर-गुडघा दुखतो म्हणालं, तर त्याच दिवशी दाखवा. मांडीच्या हाडाचं टोक सरकलेलं असेल तर ते गुडघ्यात दुखतं.

आणि एक गोष्ट इंजेक्शन नसतानाही लागू आहे. सकाळी उठल्यावर उलट्या, डोकेदुखी, बाजूचं नीट न दिसणं, किंवा रात्री उठून उठून पाणी पिणं आणि लघवी, यातलं काही असेल तर 6 महिन्यांच्या मापाची वाट बघू नका. पिट्यूटरीजवळची गाठ अशीच सुरू होते, आणि तिथे एमआरआय याच आठवड्यात व्हायला हवा.