ऊर्जा-नियमन की पर्यावरण कायदा: वकिलीसाठी यांपैकी एकच क्षेत्र निवडावे का?

आपण विधी शाखेच्या शेवटच्या वर्षात आहात आणि या दोहोंपैकी एकच क्षेत्र निवडावे का, असे विचारले आहे. माझ्या मते निवडू नये. ज्या औष्णिक प्रकल्पाची वीजदर याचिका विद्युत नियामक आयोगापुढे चालते, त्याच प्रकल्पाची पर्यावरणीय मंजुरी राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणापुढे वादात असू शकते, आणि एका ठिकाणी शपथेवर दिलेला आकडा दुसरीकडच्या कागदांशी पडताळून पाहणारे वकील फार थोडे असतात.

पाण्याचेच उदाहरण घ्या. केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाच्या डिसेंबर २०१५ च्या अधिसूचनेने शीतकरण मनोरे असलेल्या जुन्या औष्णिक प्रकल्पांना मेगावॅट-तासामागे ३.५ घनमीटर, म्हणजेच युनिटमागे साडेतीन लिटर पाण्याची मर्यादा घालून दिली. वीजनिर्मितीचा आकडा वीजदर याचिकेच्या तक्त्यांत सापडतो आणि पाण्याचा वापर प्रकल्पाने प्रदूषण नियंत्रण मंडळाला दरवर्षी द्यावयाच्या पर्यावरण विवरणपत्रात. दोन्ही कागद शेजारी ठेवून एक भागाकार केला, की मर्यादा पाळली गेली की नाही ते तिथेच दिसते.

त्याच अधिसूचनेतील गंधकाच्या उत्सर्जनाच्या मर्यादेसाठी जी यंत्रणा बसवावी लागणार होती, तिचा खर्च ‘कायद्यातील बदल’ या सदराखाली, म्हणजे कायदा बदलल्याने वाढलेला खर्च मागू देणाऱ्या वीजखरेदी करारातील कलमाखाली, वीजदरात मागण्याची वाट मोकळी झाली. पुढे मुदती वाढत गेल्या आणि जुलै २०२५ मध्ये बहुसंख्य प्रकल्पांना गंधकाच्या या मर्यादेतून सूट मिळाली. ‘कायद्यातील बदल’ म्हणजे नेमके काय, यासाठी एनर्जी वॉचडॉग प्रकरणातील सर्वोच्च न्यायालयाचा २०१७ चा निकाल मुळातून वाचाच. इंडोनेशियातील कायदा बदलून तिथला कोळसा महागला, म्हणून करारातील त्या कलमाचा आधार घेता येत नाही, असे त्यात ठरले.

मुदतींबाबत मात्र दोन्हीकडचे नियम वेगळे आहेत. आयोगाच्या आदेशाविरुद्ध विद्युत अपिलीय न्यायाधिकरणात ४५ दिवसांत जावे लागते आणि सबळ कारण असल्यास त्यापुढचा विलंब माफ होऊ शकतो. पर्यावरणीय मंजुरीविरुद्धच्या अपिलाला मात्र ३० दिवस आणि फार तर आणखी ६० दिवस मिळतात, त्यानंतर प्रकरण कितीही खरे असले तरी दार बंद होते. हे मला आजही कठोर वाटते, कारण बाधित गावांपर्यंत मंजुरीची प्रत अनेकदा उशिरा पोहोचते.

पुढच्या वीजदर याचिकेची जाहीर सूचना वर्तमानपत्रात आली, की ती याचिका परिशिष्टांसह वाचून स्वतःच्या नावाने लेखी हरकत दाखल करा. विद्युत अधिनियम, २००३ च्या कलम ६४ नुसार लोकांच्या सूचना व हरकती विचारात घेऊनच आयोगाला आदेश द्यावा लागतो, आणि अशी हरकत घेण्यासाठी वकिलीची सनद लागत नाही.