एसीचा गॅस घरीच भरू का?

प्रश्न : माझी हॅचबॅक दहा वर्षांची आहे. सिग्नलला थांबलं की एसी गरम हवा फेकतो, गाडी पळायला लागली की पुन्हा गार. गॅस गेल्याच उन्हाळ्यात भरला होता. या वेळी कॅन आणि पाइप मागवून सोसायटीच्या पार्किंगमध्ये स्वतःच भरायचा विचार आहे. जमेल का?
– एक वाचक, कोथरूड

उत्तर : जमेल. पण ‘पळायला लागली की गार’ हे वाचून मी म्हणेन, कॅन नंतर मागवा, आधी पंखा बघा. रेडिएटरच्या पुढची, गॅस गार करणारी जाळी म्हणजे कंडेन्सर. चालत्या गाडीत तिला वारा मिळतो, सिग्नलला पंख्याचाच आधार. एसी लावून बॉनेट उघडा. पंखा फिरत नसेल, तर गॅस भरून काहीच होणार नाही. जाळीत धूळ बसली असेल तर इंजिन बंद आणि गार असताना ती हलक्या धारेनं धुवा. धार जोरात मारलीत तर पाती वाकतात.

पंखा ठीक असेल, तर गळती शोधा. गॅस पेट्रोलसारखा जळून संपत नाही. वर्षभरात गेला म्हणजे कुठूनतरी गळतोय. त्याच्याबरोबर कॉम्प्रेसरचं तेलही झिरपतं, म्हणून गळक्या सांध्यावर तेलकट धूळ चिकटलेली सापडते. शंका आली तर साबणाचा फेस लावा.

भरायचाच असेल, तर आधी बॉनेटखालचं स्टिकर वाचा. तिथे गॅसचं नाव आर-134ए असेल तरच त्याचा कॅन चालेल. गाडीत किती गॅस मावतो, तो ग्रॅमचा आकडाही तिथेच मिळेल. इंजिन आणि एसी चालू ठेवून पाइप फक्त जाड नळीवरच्या, ‘एल’ टोपीच्या व्हॉल्व्हला लावा. ‘एच’च्या बाजूला दाब इतका असतो की कॅन फुटू शकतो. कॅन उभाच धरा. उलटा धरलात तर द्रव कॉम्प्रेसरमध्ये जातो, आणि द्रव काही दाबला जात नाही. हातमोजे, चष्मा हवाच. हा गॅस उणे 26 अंशांना उकळतो, कातडीवर उडाला तर जाळतो.

आता माझी फजिती. पहिल्यांदा मी नुसता गेजचा काटा बघत भरत गेलो. कात्रज घाट चढताना कॉम्प्रेसर सारखा बंद पडायला लागला. गॅस जास्त झाला होता! काटा दाब सांगतो, वजन नाही. घरचा सिलिंडर अर्धा असो की भरलेला, आतला दाब जवळजवळ तेवढाच, म्हणून तर आपण तो उचलून बघतो. लहान गाडीत मुळात चारशे ग्रॅमच्या आसपास गॅस मावतो, त्यामुळे पन्नास-शंभर ग्रॅमची चूकही जाणवते. तेव्हापासून आमच्या स्वयंपाकघरातला वजनकाटा अधूनमधून पार्किंगमध्ये असतो. बायकोला हे अजून पटलेलं नाही.

तरी कॅनमधून किती गेला एवढंच वजनकाटा सांगतो, गाडीत आधी किती होता ते नाही. म्हणून गळती सापडली तर सांध्यातली रबरी ओ-रिंग बदलून मशीनवाल्याकडेच जा. तो जुना गॅस काढून घेतो, अर्धा तास व्हॅक्यूम लावून आतला ओलावा ओढतो आणि मोजून भरतो. जाण्याआधी फोनवर एवढंच विचारा : ‘व्हॅक्यूम लावून, वजनावर भरता ना?’ उत्तर ‘अंदाजानं’ आलं, तर दुसरं गॅरेज बघा.