आजोबांचं बंद पडलेलं घड्याळ नव्यासारखं करून घ्यावं का?

तुम्ही लिहिलंय की आजोबांचं चावीचं फेव्हर ल्युबा कपाटात सापडलं, ते बंद आहे, डायलवर तपकिरी डाग पडलेत, केसवर, म्हणजे बाहेरच्या धातूच्या कवचावर, ओरखडे आहेत. सगळं नवं करून घ्यावं की तसंच ठेवावं? माझं उत्तर: मशीन दुरुस्त करून घ्या, डायलला आणि केसला कुणाला हात लावू देऊ नका. हात पोळल्यावर आलेलं शहाणपण आहे हे.

माझ्या वडिलांचं एचएमटी जनता होतं, लग्नात सासऱ्यांनी दिलेलं. वडील गेल्यावर मी ते पुण्यात लक्ष्मी रोडजवळच्या एका दुकानात नेलं आणि उत्साहाच्या भरात म्हणालो, "एकदम नवं करून द्या." त्या माणसाने शब्द पाळला, तिथेच पंचाईत झाली. आठवड्याने घड्याळ परत आलं ते साबुदाण्यासारखं पांढरंशुभ्र. डायल पुन्हा रंगवला होता. मूळ डायलवर देवनागरीत 'जनता' ही किती बारीक, नेटकी अक्षरं होती! नव्यावर शिरोरेषा जाडजूड, 'ता'चा काना कललेला, आणि सहाच्या आकड्यापाशी मिनिटांच्या दोन रेघा एकमेकींना चिकटलेल्या. आपल्याकडच्या असल्या रंगवलेल्या घड्याळांना परदेशातले संग्राहक 'मुंबई स्पेशल' म्हणतात. कौतुकाने म्हणत नाहीत.

ते एक वेळ चालवून घेतलं असतं. पण मागच्या झाकणावर आजोबांनी 'चि. जावईबापूंस' आणि लग्नाची तारीख कोरून घेतली होती. वडिलांच्या मनगटावर ती निम्मी झिजलीच होती, उरलेली बफिंगच्या, म्हणजे घासून चकाकी आणायच्या, चाकाने घालवली. आता खिडकीपाशी झाकण तिरकं धरलं तर 'बा'चा काना तेवढा दिसतो. आईला मी अजून बोललो नाही. तिला वाटतं, आपल्याच डोळ्यांना दिसत नाही.

म्हणून घड्याळ देण्याआधी झाकणाचा आतून-बाहेरून फोटो काढून घ्या. आतल्या बाजूला कधी कधी जुन्या कारागिरांनी सर्व्हिसिंग केल्याच्या बारीक खुणा ओरखडून ठेवलेल्या असतात, त्याही बघा. बफिंगला तर स्पष्ट नाही म्हणा. त्या काळच्या बऱ्याच केस पितळेच्या, वर क्रोमचा किंवा सोन्याचा मुलामा. घासला की कडांना पिवळं पितळ उघडं पडतं, मग पुन्हा मुलामा, पुन्हा खर्च.

मशीनची गोष्ट निराळी. बंद आहे म्हणजे मेलंच असं नाही. वर्षानुवर्षं पडून राहिलं की आतलं तेल सुकून चिकट होतं आणि बॅलन्स, म्हणजे मागेपुढे झुलून घड्याळाची चाल ठरवणारं चाक, हलत नाही, बहुतेकदा एवढंच असतं. अशा वेळी चावी देऊन, झटके देऊन ते चालवायचा हट्ट करू नका. सुकलेल्या तेलावर चाकांच्या दांड्यांची टोकं झिजतात. कारागीर मशीन सुटं करून धुतो, तेल घालतो, स्प्रिंग तुटली असेल तर बदलतो. बॅलन्सचा दांडा मोडला असेल तर काम वाढतं. गंज धरला असेल तर मात्र नीट विचार करा. फेव्हर ल्युबा ही १७३७ पासूनची स्विस कंपनी खरी, पण तुमच्या मशीनचे सुटे भाग शेवटी दुसऱ्या एखाद्या मेलेल्या घड्याळातूनच निघणार. एचएमटीचंही २०१६ साली घड्याळांचा कारखाना बंद झाल्यापासून तेच चाललंय. रविवारी किंवा बुधवारी जुन्या बाजारात चक्कर मारली तर भागांसाठी एखादं मिळूनही जातं. फक्त तिथलं चकचकीत घड्याळ 'ओरिजिनल' म्हणून घेऊ नका.

एक धोक्याची गोष्ट. आकड्यांवर आणि काट्यांवर खपलीसारखा तपकिरी-हिरवट थर असेल आणि घड्याळ १९६० च्या आसपासचं किंवा त्याआधीचं असेल, तर तो किरणोत्सर्गी रेडियमचा असू शकतो. अंधारात चमकत नाही म्हणून निर्धास्त राहू नका. चमक देणारं रसायन थकलेलं असतं. रेडियम निम्मं व्हायलाच सुमारे १६०० वर्षं लागतात. घरी डायल उघडून खरवडू नका, त्याची धूळ श्वासात जाता कामा नये. कारागिरालाही आधी सांगा.

डागांचं म्हणाल तर ते राहू द्या. ॲक्रिलिकची काच पॉलिश केली किंवा नवी बसवली की निम्मा मळकटपणा काचेबरोबरच जातो, हे मी नंतर दुसऱ्या एका घड्याळावर करून बघितलं. वेळ दिसते, काटे फिरतात, अजून काय हवं? तुमची धाकटी बहीण म्हणते तसं विकून पैसे येतील का, तर डायल मूळचा असेल तरच घेणारा दोन पैसे जास्त देईल, त्यामुळे तिच्याही हिशेबाने न रंगवणंच बरं.

बदललेले सगळे भाग, जुनी काचसुद्धा, पुडीत बांधून परत मागा. घड्याळ चालू झालं तरी भांडी घासताना आणि पावसात काढून ठेवा, झाकणाचा रबर कधीच गेलेला असतो. पट्टा तेवढा खुशाल नवा घ्या. आमच्या जुन्या पट्ट्याला तर पहिल्याच पावसाळ्यात बुरशी आली होती.