खालच्या भिंतीचा अ‍ॅटॅक सौम्य असतो का?

ताई, बाबांच्या रिपोर्टमध्ये 'इन्फिरिअर वॉल एमआय, आरसीए १०० टक्के बंद' असं आहे, म्हणजे हृदयाच्या खालच्या भिंतीचा अ‍ॅटॅक, आणि खालच्या भागाचा म्हणजे सौम्य का, असं तुम्ही विचारलंय. सरसकट तसं म्हणता येत नाही.

हृदयाच्या स्नायूला रक्त पुरवणाऱ्या धमन्या महाधमनीच्या मुळाशीच निघतात, एक डावी, एक उजवी. डावीला दोन फाटे फुटतात: पुढून खाली उतरणारी एलएडी आणि मागे वळणारी सर्कमफ्लेक्स. समोरची भिंत आणि मधल्या पडद्याचा मोठा भाग एलएडीवर, म्हणून ती वरच बंद झाली तर पंपिंगच ढासळतं. त्या मानाने खालच्या भिंतीचे पेशंट वेळेत उपचार मिळाले तर बहुधा चांगले सावरतात. पण उजवी धमनी, म्हणजे तुमची आरसीए, वेगळा त्रास देते. ठोक्याचा संदेश खाली पोचवणारा एव्ही नोड बहुतेकांत तिच्याच रक्तावर चालतो. तो अडला की नाडी मंदावते, कधी तात्पुरता पेसमेकर लावावा लागतो.

शिवाय हा अ‍ॅटॅक पोटाचं सोंग घेतो. माझा थोरला भाऊ सातपूरला राहतो. एका रविवारी मिसळ खाऊन घरी आला आणि पोटाच्या वरच्या भागात जळजळ, दोन उलट्या. जवळच्या दवाखान्यात अ‍ॅसिडिटीचं इंजेक्शन देऊन घरी पाठवलं, ईसीजी काढलाच नाही. वहिनीने कपाळाला हात लावला तर गार, बनियन पिळून घ्यावं इतकं ओलं. मोठ्या हॉस्पिटलात पोचेपर्यंत तीन तास गेले. ईसीजीत दोन, तीन आणि एव्हीएफ या लीड्समध्ये, म्हणजे खालची भिंत दाखवणाऱ्या नोंदींत, एसटी हा रेषेचा भाग वर चढलेला. ते तीन तास मला अजून सलतात.

तेव्हा शेजारचे काका जिभेखाली सॉर्बिट्रेट, म्हणजे रक्तवाहिन्या सैल करणारी गोळी, ठेवायला निघाले होते. अ‍ॅटॅकमध्ये हृदयाचा उजवा कप्पाही सापडला असेल तर त्या गोळीने बीपी एकदम कोसळू शकतं. म्हणून खालच्या भिंतीचा अ‍ॅटॅक दिसला की छातीच्या उजव्या बाजूच्या लीड्सही घेतात. घरात कुणाला असं झालं तर मनाने ती गोळी देऊ नका, १०८ लावा.

स्टेंट बसला असेल तर रक्त पातळ ठेवणाऱ्या दोन्ही गोळ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय एक दिवसही चुकवू नका. इकोत (हृदयाच्या सोनोग्राफीत) ईएफ, म्हणजे पंपिंगची टक्केवारी, किती आणि एलएडीबद्दल काय लिहिलंय, तेवढं इथे टाका. पुढचं त्यावर बोलू.