घरच्यांच्या विरोधात ख्रिस्ती श्रद्धा कशी टिकवावी?

इंदूरच्या मराठी घरात आपण एकट्यानेच ख्रिस्ती श्रद्धा स्वीकारली असून घरच्यांच्या विरोधात ती कशी टिकवावी, असे एकाने विचारले आहे. बायबलमधील पेत्राच्या पहिल्या पत्राच्या चौथ्या अध्यायात श्रद्धेपायी सोसावे लागणारे दुःख आणि स्वतःच्या आगळिकीने ओढवलेले दुःख यांत भेद केला आहे; माझ्या मते आधी तोच तपासावा, कारण गणपतीच्या आरतीला न थांबणे वेगळे आणि आईच्या देव्हाऱ्याला नावे ठेवणे वेगळे. कवी नारायण वामन टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतल्यावर त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई काही वर्षे त्यांच्यापासून दूर राहिल्या आणि पुढे स्वतःच्या विचाराने ख्रिस्ती झाल्या. (प्रत्येक घरी असे घडतेच असे नाही.) घरचा विरोध असेतोवर रविवारची उपासना आणि चर्चच्या मंडळीतील एखाद्या वडीलधाऱ्यांशी मोकळे बोलणे सोडू नये.